पाचव्या गाण्यातल्या टाळ्या

सामूदादा, आधी तेच सांगून टाकते, नाहीतर पुढचा एक शब्द लिहिता येणार नाही. त्या गुरुवारी तू माझ्या शाळेच्या फाटकाशी गाडी उभी केलीस आणि विचारलंस, “मास्तरीण, पाचव्या गाण्यातल्या टाळ्या तशाच ठेवल्या ना वं?” मी म्हटलं, “हाव, तशाच हायेत. जाय आता, माहा तास हाये.” तशाच नव्हत्या. मी त्या पुसून टाकून आठ दिवस झाले होते. तू “बरं केलं” म्हणालास, किक मारलीस आणि गेलास. सोमवारी अन्वरचा फोन आला. दुकानात बसल्या जागीच गेलास म्हणे, समोर कुणाच्या विहिरीवरची मोटार, वायंडिंग अर्धंच भरलेलं.

पाळकसाहेब मागे लागलेत, चर्चच्या पत्रिकेसाठी तुझ्यावर एक पान लिहून दे. जन्म, शिक्षण, मंडळीतली सेवा, मागे कोण कोण. ते कोणीही लिहील, रजिस्टर पाहून. मला तुझ्याशी बोलायचंय. खरं म्हणजे भांडायचंय, कारण आपलं भांडण अर्ध्यात राहिलं आणि त्यात मी लबाडी केली. जन्मभर मी तुला तोंडावर बोलत आले, मागून कधी काही केलं नाही. एकदाच केलं आणि नेमका तेव्हाच तू निघून गेलास. असं कोणी करते काय रे?

तुझी आई माझी सख्खी आत्या, म्हणून प्रत्येक उन्हाळ्यात मी लोणारहून एसटीनं चिखलीला तुमच्याकडे. तुझे बाबा मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर. तिथली परदेशी नर्सबाई कायमची आपल्या देशी निघाली तेव्हा रेकॉर्ड प्लेअर आणि पेटीभर रेकॉर्डी त्यांना देऊन गेली. त्यात भक्तिगीतांच्या दोनच. बाकी सगळ्या साठच्या दशकातल्या, तिच्या तरुणपणीच्या. टणटणणाऱ्या गिटारी, तिघंतिघं वेगवेगळ्या सुरात एकदम गाणारे, मधेमधे टाळ्या, आणि गाणं सुरू झालं म्हणता म्हणता संपलेलं. बाबा ड्यूटीवर गेले की आपण त्याच लावायचो. इंग्रजीचा एक शब्द कळत नव्हता. तू वरचा सूर धरायचास, मी खालचा, आणि मधला धरायला कोणी नाही म्हणून आत्या पोळ्या लाटता लाटता धरायची. तिला आजही वाटतं, ती देवाचीच गाणी होती.

तुलाही तसंच वाटायचं, हे मला फार उशिरा कळलं. तू म्हणायचास, “इतके खुशीत गाऊन राह्यले म्हंजे देवाचंच असंन ना, दुसरं काय असंन?” त्यावरून आपण तीस वर्षं भांडलो. चर्चमधली संथ गाणी तुला नको असायची. “आपल्या लोकायले वाटते, रडल्याशिवाय देवाले आयकूच जात नाई.” मी चिडून विचारायचे, मग काय उपासनेत नाचायचं? तर तू म्हणणार, “तू नाच, मी वाजवतो.” आणि गाणं अडीच मिनिटांत संपलंच पाहिजे हा तुझा हट्ट. “सांगून मोकळं व्हावं. देवाले काय एक आपलंच काम हाये?” कपाळ माझं!

पण सांगते, तुला मातीत ठेवताना मंडळीनं संथच गाणं म्हटलं आणि तेच बरोबर होतं. अन्वर कबरस्तानाच्या भिंतीशी रुमाल बांधून उभा होता, त्यालाही ते गाणं येत नसताना तो ओठ हलवत होता. हा मुद्दा माझा झाला, दादा. मान्य कर.

‘रविवार दुपार’ हे आपल्या अल्बमचं नाव तूच ठेवलंस, कारण आपली सगळी प्रॅक्टिस उपासना सुटल्यावर जेवणं उरकून चर्चमध्येच व्हायची. आठ गाणी. शब्द तुझे, चाली तुझ्या, गिटार तुझी. मी कीबोर्ड आणि खालचा सूर. ड्रमवर उंद्रीचा अन्वर, जो एरवी लग्नाच्या बँडात वाजवतो. पहिल्याच दिवशी त्यानं दारातून विचारलं होतं, “सामूभाई, मी आलेलं तुमच्या लोकायले चालते ना?” तू म्हणालास, “तू टायमावर आला तं साऱ्यायले चालते.” तो काही टायमावर आला नाही कधी. पण चाललं.

लोकांचं काम लाइट गेली की थांबतं, आपलं लाइट गेली की सुरू व्हायचं. मोटारी भरून भरून तुझे कान असे झालेले की भिंतीतल्या वायरची गुणगुणही तुला ऐकू यायची. मोटार आणणाऱ्या शेतकऱ्याला ती चालू करायला लावून, नुसतं ऐकून सांगायचास कुठलं वायंडिंग जळलं. तेच कान घेऊन रेकॉर्डिंगला बसायचास. “लाइन चालू असली का माइकात घूं उतरते.” मला कधीच नाही ऐकू आली ती घूं. पण लोडशेडिंग सुरू झालं की तुझा फोन, “मास्तरीण, गेली लाइट, ये लवकर!” लॅपटॉप बॅटरीवर, पंखे बंद, एप्रिलची दुपार, आणि आपण तिघं घामाघूम होऊन देवाची स्तुती करून राहिलो. आत्या मधेच ताकाचं पातेलं घेऊन यायची आणि तिच्या चपलांच्या आवाजानं एक टेक बाद व्हायचा.

तिघांना मिळून माइक एकच. कोणी किती लांब उभं राहायचं ते तू फरशीवर खडूनं आखायचास. माझी रेघ सगळ्यात मागे, पार तिसऱ्या बाकाजवळ. पहिल्या दिवशी मला रागच आला होता. लहानपणापासून ऐकत आले होते ना, हिचा आवाज फार मोठा, हिला कोरसमध्ये घेऊ नका, बाकीचे दबतात. मी म्हटलं, मला नसेल घ्यायचं तर सरळ सांग, मी हळू गाते. तू खडू हातात धरून उकिडवा बसला होतास. वर पाहून म्हणालास, “आवाज कमी नको करू. मांगं सरक फक्त.” दादा, मला एवढं नीट आजवर कोणी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी मी नुसता कीबोर्ड उघडून बसले. आज म्हणते, तुझे लई उपकार आहेत माझ्यावर. तू असतास तर “चाल, नाटकं नको करू” म्हणाला असतास.

मग ते पाचवं गाणं. मला आठातलं तेच सगळ्यात जास्त आवडतं, हेही तुला सांगायचं राहून गेलं.

कडी नाही लावलेली, दार नुसतं लोटलेलं,
कधीही ये, ताट तुझं झाकून आहे ठेवलेलं.

सगळ्या गाण्यात देवाचं नाव नाही म्हणून वडीलमंडळींनी तुला समितीपुढे बोलावलं होतं. तू विचारलंस, “ताट कोण झाकून ठेवते ते तुमाले समजलं नाई काय?” आणि गाणं पास झालं. या गाण्याला टाळ्या पाहिजेत हे तू आधीच ठरवलं होतंस. भगिनी मंडळातल्या नऊ बाया बोलावल्यास, आत्या धरून. आल्या त्या इस्त्रीच्या साड्या नेसून, पावडर लावून, जसा काही फोटो निघणार होता. मंगलामावशी विचारते, “टाळीले बी माइक लागते व्हय?”

त्या रेकॉर्डीवर टाळी पडते दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर. आपल्या बायांची पडते पहिल्यावर, भजनात पडते तशी. मी शाळेतल्यासारखं उभं राहून शिकवलं: एक, टाळी, तीन, टाळी. चार ओळी बरोबर वाजवल्या. पण गाण्यात जीव रमला की सगळ्या पुन्हा पहिल्यावर! मी थांबवायची, त्या “हाव हाव, समजलं” म्हणायच्या, आणि पुन्हा तेच. आत्याचं तर तिसरंच. तिला कमी ऐकू येतं, म्हणून ती आधी बाकीच्यांचे हात पाहते आणि मग वाजवते. सगळ्यांच्या मागून एक एकटी टाळी, टप्. अन्वर पोट धरून हसत होता. “टीचर, ही टाळी नाई, खळ्यात तूर झोडून राह्यले!”

मी तुझ्याकडे पाहिलं, तर तू डोळे मिटून बसलेला. म्हणालास, “हेच पायजे.”

बाया गेल्यावर काय भांडलो आपण! मी म्हटलं, जुना साउंड पाहिजे, जुना साउंड पाहिजे म्हणून वर्षभर तू आमचा जीव खाल्ला. पंखे बंद करून आम्हाला शिजवलं. आणि आता या चुकीच्या टाळ्या ठेवतो? “चुकीच्या काऊन?” तू म्हणालास. “त्या रेकॉर्डीवर त्यायच्या मोहल्ल्यातल्या लोकायनं वाजवलं असंन. ह्याच्यावर आपल्या मोहल्ल्यातले वाजवतीन.” मी म्हटलं, लोक हसतील. तू म्हणालास, “हसू दे नं, खुशीचंच गाणं हाये.” तुझ्याशी कोणी बोलावं!

आता खरं कारण सांगते. मी ते कच्चं गाणं तुला न विचारता पुण्याला पाठवलं होतं. माझ्या डीएडच्या मैत्रिणीचा भाऊ तिकडे रेकॉर्डिंगचं काम करतो. त्याला वाटलं तर चार ठिकाणी वाजेल, एवढंच मनात होतं. त्यानं उत्तर पाठवलं, गाणं छान आहे, पण मागे ते गावातलं भजन काय चाललंय? आणि पुढे हसणारं तोंड. बस, एवढंच. तेवढ्यानं मला लाज वाटली. रागही आला, पण त्याच्यावर यायला हवा होता तो त्या नऊ बायांवर आला. मंगलामावशीवर, जिनं माझ्या बाळंतपणात मला पंधरा दिवस न्हाऊ घातलं. आत्यावर. लॅपटॉप माझ्याकडेच होता. अन्वरला शाळेत बोलावून घेतलं आणि आम्ही दोघांनी रिकाम्या वर्गात दुसऱ्या-चौथ्यावर टाळ्या वाजवल्या, एकदम घड्याळासारख्या. त्यानं विचारलं, “सामूभाईले मालूम हाये?” मी म्हटलं, हाव. म्हणजे खोटं एकदा नाही, दोनदा बोलले. आणि जुन्या टाळ्या नुसत्या बंद केल्या नाहीत. बंद केल्या तर तू पुन्हा चालू करशील, तुझा स्वभाव मला माहीत. म्हणून पार पुसल्या, कचरापेटीतूनही काढून टाकल्या.

तू सगळ्यांना सांगून ठेवलं होतंस की पुढच्या रविवारी आपल्या घरी बसून सगळी मिळून ऐकू. मी मनात म्हणत होते, ऐकेल, दोन शिव्या देईल, चार दिवस अबोला धरेल, मग येईलच ताक प्यायला. तुझ्या माझ्या भांडणाला नेहमी पुढचा रविवार असायचा. त्या भरवशावरच मी हे केलं.

तो रविवार परवा झाला. दुःखाच्या घरी प्रार्थनेला म्हणून सगळ्या बाया आल्या होत्या. लग्नाचं तू कधी मनावर घेतलं नाहीस, त्यामुळे घरात आता आत्या एकटी. प्रार्थना झाली, चहा झाला, आणि आत्या मला म्हणाली, “सामून म्हतलं होतं रविवारी आयकवतो. आयकव माय.” मी म्हटलं, आज राहू दे. ती म्हणाली, “काऊन? गाणं का शिळं होऊन राह्यलं?”

लावलं. तुझा आवाज खोलीत आला तशा दोघीतिघींनी पदर तोंडाला लावला. मग टाळ्या सुरू झाल्या, माझ्या आणि अन्वरच्या. मी जमिनीकडे पाहत बसले. आणि मंगलामावशी काय म्हणाली, माहीत आहे? डोळे पुसत पुसत म्हणाली, “पाय वं! किती बराबर वाजवलं आपुन!” बाकीच्या माना हलवायला लागल्या. एक म्हणाली, मशीनीत गेलं का सुधरते वाटते. सगळ्यांच्या चेहऱ्यावर एवढा आनंद दिसला दादा, त्या दुःखाच्या घरात, की गप्प राहिले असते तर कोणालाच कधी कळलं नसतं. तूही नव्हतास विचारायला.

गप्प नाही राहवलं. मी गाणं थांबवलं आणि सांगितलं. या टाळ्या तुमच्या नाहीत, तुमच्या मी पुसून टाकल्या, मला लाज वाटली म्हणून, आणि दादाला मी खोटं सांगितलं. सगळं सांगितलं, पुण्याचंही.  मग मंगलामावशी म्हणाली, “म्हंजे आमचे हात खराब होते काय वं?” मी रडले फक्त. पोरांना एवढ्या तेवढ्या खोट्यासाठी अंगठे धरून उभं करते मी.

आत्या इतका वेळ नुसती पाहत होती. तिनं विचारलं, “सामू गायला तवा आमच्या टाळ्या होत्या काय?” मी म्हटलं, हो, आधी तुमच्या टाळ्या झाल्या, सगळ्यात शेवटी त्याचं गाणं घेतलं. हेडफोन एकच होता, तो त्याच्या कानाला, त्यात तुमच्या टाळ्या. मी फक्त बॅटरी किती उरली ते पाहत होते. “मंग लाव,” ती म्हणाली, “मी वाजवते.” एकीनं हळूच आठवण करून दिली की दुःखाच्या घरात टाळी वाजवत नाहीत. आत्या म्हणाली, “माह्या लेकाच्या गाण्यात वाजवून राह्यली मी, परक्याच्या नाई.”

दादा, एक गोष्ट मी कोणालाच सांगितली नव्हती. त्या गाण्यात तू ‘दार नुसतं’ म्हणतोस आणि थांबतोस. अगदी जरासा. मग ‘लोटलेलं’ म्हणतोस. प्रत्येक ओळीत असंच. तू होतास तेव्हा मला वाटायचं, हा उशिरा येतो, दमला असेल. तू गेल्यावर मी ते पुन्हा ऐकलं. वाटलं, तुझा श्वास पुरत नव्हता. तुझं दुखणं माझ्याच लॅपटॉपमध्ये होतं, मी शंभर वेळा ऐकलं, आणि मला कळलं नाही. रोज मी हे मनात घेऊन शाळेत जात होते, पोरांच्या वह्या तपासत होते.

मी टाळ्यांचा आवाज बंद करून नुसतं तुझं गाणं लावलं. आत्यानं स्पीकरकडे कान केला, बायांच्या हातांकडे पाहिलं. त्यांनी मांडीवर हळूच हात हलवले, पहिल्या ठोक्यावर. आणि मग आत्याची टाळी पडली, उशिरा, तुझ्या त्या थांबलेल्या जागेत. लगेच तुझं ‘लोटलेलं’ आलं. पुढच्या ओळीला पुन्हा तसंच. आणि पुन्हा. गाणं संपेपर्यंत एकदाही चुकलं नाही. तुझा श्वास चांगला होता दादा. चांगला होता.

 आत्यानं विचारलं, “जमलं काय वं?”

“नाही आत्या,” मी म्हटलं, “तू उशिराच वाजवते.”

“मंग?”

“तो थांबते तुह्यासाठी.”

“थांबतेच तो,” आत्या म्हणाली. मग बायांकडे वळून म्हणाली, “नीट बसा वं साऱ्या,” आणि मला म्हणाली, “लाव पुन्हा. अन् ह्या वक्ती मशीनीत घे.”